पंधरा सेकंद

मुलाखत बुधवारी, साडेअकराला.
जागा एकच : संसर्ग नियंत्रण परिचारिका.
आई विचारते, म्हंजे करायचं काय गं नक्की?
लोकांनी हात धुतले का ते बघायचं.
ती हसते. एवढ्यासाठी परीक्षा?

मी पुस्तक उघडून बसते रात्रपाळीच्या टेबलावर,
चहाचा कप लांब ठेवून.
हात धुण्याचे पाच क्षण, चोळण्याच्या सहा पायऱ्या,
कुठला जंतू स्पिरिटला भीत नाही,
त्याला साबण-पाणीच कसं लागतं.
उत्तरं हळू आवाजात म्हणून बघते :
मी तपासणी करतो... नाही. करते. करते.
गंगावेशीतली भाषा मुलाखतीत
तोंडातून निसटायला नको.

दळवी सिस्टरांनी सरावाला वही दिली.
कोपऱ्यात उभी राहा, म्हणाल्या, आणि कुणाला बोलू नकोस.
एका तासात एक्केचाळीस वेळा हात धुवायला हवे होते,
सतरा वेळा धुतले गेले.
मोठ्या सरांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली
पाणी कधी पोचलंच नसावं.
सगळ्यात नीट धुतले तानाजीमामांनी,
नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ, मनगट.
फौंड्रीत वीस वर्षं काढल्यावर, म्हणाले,
हात सहज स्वच्छ होतो यावर इस्वासच बसत न्हाई.
वहीत त्यांचं पद सगळ्यात खालच्या ओळीत.

आणि एक नोंद, जी वहीत नाही.

महापुराचं वर्ष. पंचगंगा रस्त्यावर,
व्हरांड्यात खाटा, खाटांमध्ये खाटा.
शिरोळकडून होडीतून आणलेले खोत आजोबा, नऊ नंबर.
मानेतल्या नळीचं तोंड
पंधरा सेकंद घासायचं औषध सोडण्याआधी.
मी तीन सेकंद घासलं असेल.
चार.
दहा नंबरची बाई ओरडत होती, सलाईन संपलं होतं,
हे सगळं खरं आहे
आणि ह्यातलं काहीच त्या नळीला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी.
प्रयोगशाळेतल्या ताटलीवर बारीक सोनेरी ठिपके,
दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू.
माणसाच्या कातडीवरचाच जंतू. कुणाच्याही.
माझ्याही.
कुणी मला विचारलं नाही. विचारण्यासारखं
कागदावर काही नव्हतं.
एकोणीस दिवस जास्तीचे राहिले आजोबा,
त्यांच्या लेकानं दोन शेळ्या विकल्या.
घरी जाताना काकवीची बाटली ठेवली माझ्या हातात :
पोरी, लई केलंस माझ्यासाठी.

बाटली अजून फळीवर आहे. उघडलेली नाही.

ह्या क्षेत्रात का यावंसं वाटलं, असं विचारतीलच.
त्याचं उत्तर लिहून ठेवलंय, चार ओळींचं,
त्यात रुग्णसुरक्षा हा शब्द दोनदा येतो.

संध्याकाळी कट्ट्यावर जाते आईला मदतीला.
म्हैस उभी, पितळी बादली, रांगेत ग्लास धरलेले हात.
आई आधी स्वतःचे हात धुते कोपरापर्यंत,
मग कोमट पाण्यानं कास, मग फडक्यानं कोरडी,
मग पहिल्या दोन धारा मातीत.
लहानपणी विचारलं होतं, वाया का घालवतेस?
दगडी झालेली कास बगितलीयास का कदी?
हात लावून देत न्हाई जनावर.
तेवढंच. पुढं तिनं कधी समजावलं नाही,
मीही पुन्हा विचारलं नाही
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत.

आज मी मनात मोजतो तिचं धुणं,
बारा, तेरा, चौदा.
मोटारसायकल चालू ठेवून एकजण म्हणतो,
आक्का, आवरा की, उशीर होतोय.
ती मान वर करत नाही.
थांब जरा.
सतरा, अठरा.

रात्री आरशासमोर तेवढंच म्हणून बघते,
थांबा जरा, सर.
पुन्हा एकदा.
थांबा जरा.
आवाज अजून नीट निघत नाही.
बुधवारला चार दिवस आहेत.